कानाला स्क्रूड्रायव्हर

पिनने पंपाच्या आतलं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तिची मान कामाच्या टेबलापर्यंतही पोचत नव्हती. बाबांनी तिला एका रिकाम्या खोक्यावर उभं केलं. मग हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक चालू पंपाच्या पाठीवर टेकवलं आणि लाकडी मूठ तिच्या कानामागच्या हाडाला लावली.

"हलायचं नाही," ते म्हणाले. "नुसतं ऐक."

बाहेरून पंप फक्त घोंघावत होता. आत मात्र एक अख्खं गाव नांदत होतं. कोणी गिरक्या घेत होतं, कोणी पाणी उपसत होतं, कोणी कोपऱ्यात बसून एकसारखं काहीतरी कुटत होतं. पिनने दचकून कान काढला तर समोर पुन्हा तोच हिरव्या रंगाचा, तेलकट, मुका पंप. कान लावला की गाव, काढला की लोखंड. तिने किती वेळा लावून काढला कोण जाणे. त्या दिवशी तिच्या कानामागे एक लाल वळ उठला आणि तो आपल्या शिकवणीने उठलाय याचा बाबांना भारीच अभिमान वाटला.

पिन हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ती जन्मतः काडीसारखी होती आणि जिथे घुसेल तिथे घट्ट बसून राही, म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव. तसे बाबाही आपल्या नावाने ओळखले जात नसत. पंप आणि मोटरी दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. यंत्र उघडण्याआधी त्यांचा स्क्रूड्रायव्हर एकदा फिरायचा आणि ते सांगायचे, "पुढचं बेअरिंग गेलं, मागचं आणखी थोडे दिवस काढेल." मग यंत्र उघडायचं, ते फक्त त्यांनी सांगितलेलं डोळ्यांनी बघायला.

"अख्ख्या जगाचं ऐकतात," आई म्हणायची, "घर तेवढं सोडून."

आई घरी कपडे शिवायची. तिचं शिलाई मशीन खिडकीपाशी होतं आणि बाबा घरात असले की ते वर्तमानपत्रातून डोकं न काढताच म्हणायचे, "अगं, सुईखालचा दाता सैल झालाय." आई म्हणायची, "मघापासून तीन हाका मारल्या त्या नाही ऐकू आल्या!"

तर अशा माणसाचे कान गेले.

एकदम नाही गेले. पिन तोवर रसायनशास्त्र शिकून पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. कानाच्या डॉक्टरांकडे बाबांबरोबर तीच गेली. डॉक्टरांनी आलेख पुढे केला. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ बऱ्यापैकी सरळ चालली होती. उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, ती कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली कोसळली होती. पिनचा दिवस आलेख बघण्यात जायचा, पण आलेखाची भीती तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

"आयुष्यभर यंत्रांच्या गोंगाटात काम केलंत," डॉक्टर म्हणाले. "आधी बारीक आवाज जातात. आपण कानाचं यंत्र बसवू. बोलणं छान ऐकू येईल. इतर आवाज मात्र वेगळे वाटतील, सवय करावी लागेल."

"वेगळे म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे पूर्वीसारखे नाहीत."

 घरी आल्यावर दारात चपला काढताना बाबा म्हणाले, "पिन, ते यंत्र बसवायच्या आत मला सगळे आवाज उतरवून ठेवायचेत."

पिनला वाटलं, त्यात काय, फोनवर ध्वनिमुद्रण करू. दुसऱ्याच दिवशी ती कारखान्यात गेली आणि एका घरघरत्या मोटरीपाशी फोन धरला. परत लावून बघितलं तर मोटर जवळजवळ गायब! मागे गुंडाळ्या शिंकला होता ती शिंक मात्र खणखणीत आली होती. गुंडाळ्या म्हणजे मोटरीत तांब्याची तार गुंडाळणारा बाबांचा जुना सोबती. पिनने शोधाशोध केली तेव्हा उलगडा झाला. माणसाचं बोलणं स्वच्छ यावं म्हणून फोन मागची एकसुरी घरघर स्वतःच पुसून टाकतो. बाबांना जे हवं होतं, नेमकं तेच फोनच्या लेखी कचरा होतं.

"चांगला माइक आणू," ती म्हणाली.

"नको," बाबा म्हणाले. "मुद्रण ऐकवलंस तरी ऐकणाऱ्याला कळायचं नाही की यातलं ऐकायचं काय. मी सांगतो, तू लिही."

आणि मग जे सुरू झालं ते पाहून पिन थक्क होत गेली. आपल्या भाषेत आवाजाला इतके शब्द आहेत हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बाबा डोळे मिटून बसायचे, ओठ हलवायचे, हातांनी हवेत काहीतरी फिरवायचे. "घरघर नको. घरघर म्हातारी असते, हिला अजून उमेद आहे. गरगर लिही. नाही, थांब. गुर्रर्र आणि मग एक उचकी." एका बेअरिंगच्या आवाजासाठी ते एक अख्खी संध्याकाळ अडून बसले. आईने शिवता शिवता सुचवलं, "कुरकुर म्हणा की. सासूबाई करायच्या तशी, तोंडातल्या तोंडात."

"बरोब्बर!" बाबा ओरडले. "पण बेअरिंगची थांबते."

असा तो ब्लॉग सुरू झाला. नाव ठेवलं 'कानाला स्क्रूड्रायव्हर'. प्रत्येक लेखाची घडण एकच. आधी नुसता आवाज, मग तो कुठे ऐकला ते, आणि शेवटी त्याचं कारण. बाबांचं म्हणणं, आधी ऐकू द्यावं, मग सांगावं. कारखान्यातही ते नव्या माणसाला असंच शिकवायचे. पहिला लेख असा होता:

"ओल्या खडीने भरलेली बादली कोणीतरी सावकाश फिरवतंय. खडखड म्हणावं तर इतकं कोरडं नाही, खळखळ म्हणावं तर इतकं मोकळं नाही. खडळ, खडळ. मधेच एखादा दगड कडेला आपटतो. जरा वेळ ऐकलं की दात आंबतात. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत. पण पंपाच्या आत खडी नसतेच मुळी. आत असतात ते बुडबुडे. पंपाला ओढायला पाणी कमी पडलं की ते जन्मतात आणि लगेच फुटतात, आणि त्यांचं ते फुटणं लोखंडालाही पोखरून काढतं."

पिनने तो वाचला आणि तिचे दात खरंच आंबले. नुसत्या बुडबुड्यांनी लोखंड झिजतं हे ती पुस्तकात शिकली होती, परीक्षेत तिने लिहिलंही होतं. पण त्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, तो आत्ता ऐकला, कागदावरसुद्धा नव्हे, पडद्यावर.

पण ती घरची होती. तिचे दात आंबले याला कोण पुरावा मानणार?

ब्लॉगच्या तळाशी वाचकांचा आकडा दिसायचा. बाबा कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी तो बघायचे. आकडा म्हणजे पिन, पिनची मावशी आणि चुकून आलेला कोणीतरी. बाबा नुसतं "हं" म्हणायचे. हा "हं" दिवसेंदिवस जड होत गेला.

एका संध्याकाळी त्यांनी मनातलं बोलून टाकलं. "कान चाललेत त्याचं मला फार वाटत नाही गं. वापरलेली वस्तू झिजतेच. पण मी लिहिलेला आवाज दुसऱ्या कोणाला ऐकू येतो का, एवढं मला कळलं पाहिजे. येत असेल तर तो राहिला. येत नसेल तर हे नुसते शब्द आहेत आणि आपण दोघं वेळ घालवतोय. कानाचं यंत्र बसवायच्या आत एकाने जरी सांगितलं ना, की ऐकू आलं, तर मी लिहीत राहीन. नाहीतर बंद करू."

पिन त्या रात्री झोपायच्या आधीच कामाला लागणार होती, पण आईने दिवा घालवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने प्रयोगशाळेतल्या संगणकावर वाचायला घेतलं: ब्लॉगचे वाचक वाढवायचे कसे?

तिथे तिला 'फीड' भेटली. म्हणजे ती होतीच, पहिल्या दिवसापासून. प्रत्येक ब्लॉगच्या पोटात एक साधी फाईल असते. तिला रंग नसतो, चित्रं नसतात. तिच्यात मथळा, तारीख, मजकूर एवढंच असतं. नवा लेख आला की तो तिच्यात वर जाऊन बसतो. ही फाईल माणसांसाठी नसतेच, ती इतर यंत्रांसाठी असते. जगात अशा फायली गोळा करणाऱ्या कितीतरी सेवा आहेत, सिंडिकेशन म्हणतात त्याला. त्यांना आपला पत्ता एकदा कळवला की त्यांची यंत्रं दर थोड्या वेळाने येऊन दार वाजवतात: नवीन काही? नाही? बरं. पुन्हा येतात: नवीन काही? आणि असेल तर ते उचलतात आणि ज्याला ज्याला हवं त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवतात.

पिन खुर्चीत मागे टेकून बसली. आपण कोणाच्या दारी जायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. नुसतं दारात ठेवायचं. आणि रात्रंदिवस, कुठून कुठून, न कंटाळता, न रागावता कोणीतरी विचारत राहणार. एवढी चिकाटी तिने माणसांत पाहिली नव्हती.

तिने फीड तीन ठिकाणी नोंदवली. एक सेवा विषयवार वाटणी करायची, एक सकाळी ईमेलने पाठवायची, आणि तिसरीवर लेखाखाली वाचकांना आपसांत बोलताही यायचं. पिनने तिचं नाव ठेवलं कट्टा. सगळं झाल्यावर एक शेवटचा प्रश्न आला: फीडमधून पूर्ण लेख द्यायचा की नुसता सुरुवातीचा भाग?

पिनने हिशेब केला. पूर्ण लेख दिला तर लोक तिथेच वाचतील, ब्लॉगवर येणारच नाहीत, मग आकडा हलणार कसा? अर्धाच दिला तर उत्सुकता वाटेल, पुढचं वाचायला ब्लॉगवर येतील. तिने 'सुरुवातीचा भाग' यावर खूण केली आणि स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन डबा उघडला.

आकडा हलला नाही.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. बाबा लिहीत होते. मोटरीची पाती सैल झाल्यावरची "गुंईं", पट्टा घसरतानाची "च्यांव", झडपेतून पाणी परत फिरतानाचा "थड्ड". दर लेखागणिक ते आकड्याकडे बघायचे आणि पिन त्यांच्याकडे बघायची नाही.

मग कारखान्यात ते घडलं. बाबांनी घरी येऊन जसं सांगितलं तसंच सांगायचं तर असं, की एक मोटर दुरुस्त होऊन चाचणीला लावली होती. बाबांनी स्क्रूड्रायव्हर फिरवला आणि म्हणाले, "ठणठणीत." तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, हातातली तार न सोडता, गुंडाळ्या म्हणाला, "कानसेन, ही शिट्टी कसली येतेय?"

"कुठली शिट्टी?" बाबांनी विचारलं.

सगळ्यांनी मान वर केली. सगळ्यांना ऐकू येत होती. बेअरिंगमधलं वंगण आटलं की पहिली खूण म्हणून जी बारीक सुईसारखी शिट्टी निघते ती. बाबांनी ती आयुष्यभर दारातून आत येताना ओळखली होती.

"हसले का तुम्हाला?" आई तावातावाने म्हणाली. "त्या गुंडाळ्याला मी बघतेच!"

"तेच तर," बाबा म्हणाले. "आज कोणी हसलं नाही."

आईने हातातलं कापड खाली ठेवलं.  मग बाबा पिनला म्हणाले, "ती शिट्टी मी लिहायची ठेवली होती. शेवटी लिहू म्हटलं, सगळ्यात सुंदर आवाज आहे तो. आता मला ती आठवतेय की मी नुसती कल्पना करतोय, तेच कळेना. जाऊ दे. सोमवारी यंत्र बसवायचंय. त्याच्या आत ब्लॉगची पाटी उतरव."

"बाबा, अजून—"

"पिन. उतरव."

सुट्टीच्या सकाळी पिन ब्लॉग पुसायला बसली. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, आईचं मशीन चालू होतं, बाबा आतल्या खोलीत कपाट आवरत होते. प्रयोगशाळेत तिच्या हाडात एक सवय भिनली होती: नमुना फेकण्याआधी मूळ नोंदी काढून ठेवायच्या. म्हणून तिने लेख उतरवून घेतले आणि त्यांच्याबरोबर ब्लॉगच्या दाराची नोंदसुद्धा घेतली, म्हणजे कोण आलं, काय मागितलं, याची यंत्राने आपली आपण ठेवलेली टाचणं. उघडून बघायचं तिला काही कारण नव्हतं. तिने आपलं बघितलं.

ओळीच्या ओळी. सगळी दार वाजवणारी यंत्रं. नवीन काही? नवीन काही? नवीन काही? माणूस क्वचित. प्रत्येक यंत्र येताना आपलं नाव सांगायचं. ती यांत्रिकपणे खाली सरकत होती आणि एका ओळीवर थांबली. कट्ट्याचं यंत्र फार शिस्तीचं होतं. नावापुढे ते हेही सांगायचं, की आपण किती वाचकांच्या वतीने आलोय.

आकडा चार आकडी होता.

पिनच्या मनात पहिला विचार आला तो असा, की एककात काहीतरी चुकलंय. तिने आदल्या आठवड्याची ओळ शोधली. तिथे आकडा लहान होता. त्याच्या आदल्या आठवड्यात आणखी लहान. आकडा वाढत होता, एखादं रोप वाढावं तसा, कोणी बघत नसताना. इतके दिवस दारावर जी एकच टकटक ऐकू येत होती तिच्यामागे एवढी माणसं उभी होती! आणि पिन दार बंद करायला निघाली होती.

पण मग ही माणसं आत का येत नव्हती?

तिने कट्टा उघडला. खरं तर नोंदणी केल्यापासून तिने तिथे एकदाही डोकावलं नव्हतं, आपल्या आकड्याकडे बघण्यातच सगळं लक्ष. 'कानाला स्क्रूड्रायव्हर' शोधलं. पहिला लेख समोर आला. कट्ट्यावर त्याचा शेवट असा दिसत होता: "…जरा वेळ ऐकलं की दात आंबतात. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत. पण पंपाच्या आत खडी नसतेच मुळी. आत असतात ते…"

इथे तुटला होता. पिनच्या त्या हुशार खुणेमुळे बरोबर इथे. आवाज पूर्ण, कारण शून्य.

आणि त्याच्याखाली माणसंच माणसं.

"माझे दात आंबले राव! हा पंप कुठलाय?"

"आत असतात ते काय? उंदीर?"

"उंदीर तुझ्या डोक्यात. झाकणाचा बोल्ट सुटून आत पडलाय, पैज लावा."

"पैज लावतो, पण एक अट. मूळ पानावर जाऊन उत्तर बघायचं नाही. बघेल तो बाद."

"मान्य. ऐकूनच सांगायचं."

ती अट खालच्या प्रत्येक लेखाखाली कोणी ना कोणी नव्याने बजावली होती. आकडा का हलला नव्हता ते पिनला कळलं. या लोकांना कुतूहल नव्हतं म्हणून ते आले नव्हते असं नाही. त्यांना इतकं कुतूहल होतं की ते मुद्दाम येत नव्हते.

ती वाचत गेली. लिफ्ट दुरुस्त करणारा एकजण होता, तो प्रत्येक आवाज लिफ्टच्या कप्पीशी ताडून बघायचा आणि बहुतेक वेळा चुकायचा. बोटीच्या इंजिनघरात काम करणारा एक होता. तो लिहायचा, "आमच्याकडे हाच आवाज येतो, पण आमचा बुळबुळीत आहे." छापखान्यातली एक बाई होती, ती कोणालाच सोडत नसे. "अहो लिफ्टवाले, नीट ऐका. ते 'गुंईं' म्हणतायत, तुम्ही 'घुंईं' ऐकताय. तुमच्यात जडपणा आहे, त्यांच्यात नाही." नीट ऐका! वाचा नव्हे. तिथे कोणीच वाचा म्हणत नव्हतं. एकाने लिहिलं होतं की त्याला दिसत नाही, फोन त्याला लेख म्हणून दाखवतो, पण "च्यांव" हा शब्द फोनने इतका सपाट म्हटला की त्याने तो स्वतः मोठ्याने म्हणून बघितला, आणि शेजारच्या घरातून कोणीतरी ओरडलं, पट्टा बदला! आणि बर्फाच्या कारखान्यातल्या एकाचं बोलणं तर पिनने पुन्हा पुन्हा वाचलं: "मी पैज-बैज लावत नाही. तुमची खडीची बादली वाचली आणि उठलो. आमचा मागचा पंप गेले काही दिवस हेच बोलत होता, मला वाटायचं जुना झालाय. बंद केला, जाळी काढली, गच्च तुंबलेली. पाणीच पोचत नव्हतं. आत असतात ते बुडबुडे असणार. लिहिणाऱ्याला सांगा कोणीतरी, ऐकू आलं."

ऐकू आलं.

 पिनला ते खोकं आठवलं, ती लाकडी मूठ, तो लाल वळ. कान काढला की मुकं लोखंड, लावला की अख्खं गाव. दाराबाहेर इतके दिवस गाव नांदत होतं आणि ती दोघं आकड्याकडे बघत बसली होती.

"बाबा!" तिने हाक मारली. मग आठवून उठली, आत गेली आणि त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं.

"पुसलंस का?"

"बसा. वाचा."

बाबांनी चष्मा लावला. ते वाचताना ओठ हलवायचे, त्यामुळे ते कुठे पोचलेत ते पिनला कळत होतं. उंदरापाशी ते हसले. बोल्टपाशी म्हणाले, "चूक, पण वाईट नाही. बोल्टचा आवाज एका जागी येतो, हा सगळीकडे आहे." छापखान्यातल्या बाईपाशी पोचल्यावर त्यांनी मान डोलावली. "हिला कान आहे." मग बर्फाचा कारखाना आला आणि ओठ हलायचे थांबले.

आईने मशीन थांबवून विचारलं, "काय झालं? रडताय की काय?"

"डोळ्यांत गेलंय काहीतरी."

"जाळी तुंबली असेल," आई म्हणाली. तिने पिनच्या खांद्यावरून सगळं वाचून काढलं होतं. बाबा त्यावर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

"बाबा, माझी चूक झाली होती," पिन म्हणाली. "अर्धाच लेख जात होता. आता पूर्ण जाईल असं करते, कारणासकट."

"खबरदार!" बाबा म्हणाले. "कारण आधी सांगितलं तर ऐकेल कोण? तोडतेस तिथेच तोड. कारण लागेल त्याने दार उघडून यावं."

"म्हणजे पाटी उतरवायची नाही?"

बाबा पुन्हा वाचण्यात बुडाले होते. कट्ट्यावर आता लोक आपापल्या यंत्रांचे आवाजही लिहू लागले होते, बाबांच्या धाटणीने, आधी नुसता आवाज. शेवटचा सकाळीच आला होता. एका रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या बाईने लिहिलं होतं:

"माझ्या कपडे वाळवायच्या यंत्राचं सांगते. स्क्रूड्रायव्हरवाले काका वाचत असतील तर बरं होईल. यंत्र जोरात फिरायला लागलं की एक आवाज येतो. शिट्टी म्हणावी तर ती तोंडाची असते, ही दातांमधून येते. काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवावं तशी, पण पेला खूप लहान, बाहुलीच्या घरातला. सुंईईई. अंगठ्याएवढ्या जागेतून येते आणि सगळी खोली भरून टाकते. यंत्र सावकाश झालं की आधी ती जाते, मग यंत्र थांबतं. बाकी कोणाला ऐकू येत नाही, म्हणतात तुझे कान वाजतायत. माझे कान वाजतायत का?"

पिनने ते बाबांच्या बरोबरच वाचलं. तीच शिट्टी. आलेखातल्या कड्याच्या पार पलीकडची, बाबांच्या कानांना आता कधीच न मिळणारी. तिने हळूच त्यांच्याकडे पाहिलं.

बाबांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकली, तिच्यात स्क्रूड्रायव्हर नसतानाच.

खिडकीपाशी आईने पुन्हा शिवायला घेतलं होतं. खटखटखट, खटखटखट. बाबांच्या कपाळावर आठी पडली.

"अगं, जरा मशीन थांबव," ते डोळे न उघडता म्हणाले. "ऐकू दे."

आईने पाय उचलला. खोली शांत झाली. बाबा वाचलेलं ऐकत होते. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"लिही, पिन," ते म्हणाले. "बाई, तुमचे कान शाबूत आहेत. बेअरिंग कोरडं पडलंय, वंगण घाला. आणि घालण्याआधी एकदा पोटभर ऐकून घ्या. फार सुंदर आवाज आहे तो."